वीस ज्यूलची रेघ : एका छऱ्याच्या रायफलीची वेगचाचणी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या नेमबाजी वर्गाला माजी विद्यार्थ्याने 4.5 मिलिमीटरची एअर रायफल भेट दिली. भारतीय बनावटीची, नळी सांध्यावर वाकवून (याला नळी ‘मोडणं’ म्हणतात) स्प्रिंग ताणायची जात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं : ‘1000 फूट प्रति सेकंद’. देण्याआधी त्याने हौसेने क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावर छऱ्याचा वेग मोजला, पाच फैरींचे आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद खोक्यातच ठेवला. मीटर प्रति सेकंदात ते असे होते : 318, 296, 309, 287, 315. सरासरी 305. छर्रा 0.45 ग्रॅमचा.

हा वर्ग एनसीसीचे निवृत्त शिक्षक चालवतात. त्यांनी कागद वाचला, गणित केलं आणि रायफल कपाटात कुलूपबंद करून मला फोन केला. मी त्यांचा विद्यार्थी. लेथवर काम करतो आणि एअर रायफली उघडून दुरुस्त करणं हा माझा जुना नाद आहे. सर म्हणाले, “अरे, ही वीसच्या वर जातेय. शाळेत ठेवू की नको, एवढंच सांग.”

त्यांची काळजी खरी होती. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे एअर रायफलीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूल किंवा 15 फूट-पाउंडाच्या वर गेली, किंवा नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे 0.177 इंचापेक्षा, मोठा असला तर ते परवान्याचं हत्यार होतं. व्यासाचा प्रश्न नव्हता. ऊर्जा मात्र कागदावर 20.9 ज्यूल दिसत होती. या नियमात एक बारीक गोम आहे. 15 फूट-पाउंड म्हणजे 20.3 ज्यूल, त्यामुळे दोन मापं तंतोतंत जुळत नाहीत. शहाण्या माणसाने त्यातलं लहान, 20 ज्यूलचंच माप धरावं. आपली रायफल नेमकी त्या दोघांच्या मधल्या फटीत बसते का, असली झटापट शाळेच्या वर्गाने करू नये.

ऊर्जेचं गणित शाळेतलंच आहे. वजन किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, वेगाचा वर्ग करायचा, वजनाने गुणायचं, निम्मं करायचं. 0.00045 गुणिले 305 चा वर्ग, भागिले 2. उत्तर 20.9. सरांचं गणित बरोबर होतं. प्रश्न होता तो त्यात घातलेल्या आकड्यांचा.

आधी कागदावरच

रायफलीला हात लावण्याआधी मी सरांना त्यांच्या कागदाकडे पुन्हा बघायला सांगितलं. सरासरी सोडा, पाच आकड्यांमधलं अंतर बघा. सगळ्यात मोठा 318, सगळ्यात लहान 287. फरक 31. ऊर्जेत मांडलं तर एक फैर 22.8 ज्यूलची आणि दुसरी 18.5 ची. तीच रायफल, तोच छर्रा, तीच स्प्रिंग.

स्प्रिंगच्या रायफलीत ताकद एकाच ठिकाणाहून येते. ताणलेली स्प्रिंग सुटते, पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला नळीतून हाकलते. स्प्रिंग दर वेळी तितकीच ताणली जाते, पिस्टन तितकंच अंतर धावतो. म्हणून धडधाकट रायफलीचे दहा आकडे चार-सहा मीटरच्या आत राहतात. 31 मीटरचा फरक दिसला की स्प्रिंगखेरीज आणखी काहीतरी ढकलतंय, किंवा यंत्र चुकतंय, असं समजायचं. माझ्या मते वेगचाचणीत सगळ्यात बोलका आकडा हाच असतो, आणि लोक नेमका तोच लिहून ठेवत नाहीत. या मुलाने पाचही फैरी लिहिल्या होत्या म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. नुसती सरासरी लिहिली असती तर ती रायफल आजही कपाटात असती.

दुसरं, खोक्यावरचा दावा. 1000 फूट म्हणजे 304.8 मीटर. या वेगाला 20 ज्यूलच्या आत राहायचं असेल तर छर्रा फार तर 0.43 ग्रॅमचा असावा लागतो. शिशाचे रोजच्या वापरातले 4.5 मिलिमीटरचे छर्रे 0.45 पासून 0.67 ग्रॅमपर्यंत असतात. म्हणजे खोक्यावरचा वेग आणि परवानामुक्त रायफल या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायच्या तर छर्रा नेहमीच्या शिशाचा नसून हलक्या मिश्रधातूचा, 0.35 ग्रॅमच्या आसपासचा असायला हवा. त्यावर ऊर्जा 16 ज्यूलच होते आणि खोक्यावर चार आकडी संख्या छापता येते. छऱ्याचं वजन न लिहिता नुसता वेग छापणं ही सगळीकडची रीत आहे. गिऱ्हाइकाने तो आकडा वाचून रायफलीची ताकद ठरवू नये, एवढं मी कळकळीने सांगेन.

यंत्र आणि छर्रा

क्रोनोग्राफमध्ये ठरावीक अंतरावर दोन डोळे असतात. छर्रा पहिल्यावरून गेला की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेला की बंद. डोळ्यांमध्ये 30 सेंटिमीटर अंतर असेल तर 305 मीटरच्या वेगाने जाणाऱ्या छऱ्याला ते ओलांडायला एक हजारांश सेकंदही लागत नाही. इतक्या छोट्या वेळात फसवणारी गोष्ट म्हणजे उजेड. साधी ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, यंत्राच्या डोळ्याला कळतं. माजी विद्यार्थ्याने गॅरेजमध्ये ट्यूबखाली चाचणी केली होती, त्यामुळे पहिला संशय तिथे गेला.

त्याचाच क्रोनोग्राफ मागवून घेतला. ट्यूब बंद केली, तारेचा पिवळा दिवा लावला आणि यंत्र नळीच्या तोंडापासून एक मीटरवर, नळीच्या अगदी रेषेत मांडलं. तिरपं मांडलं की छर्रा दोन डोळ्यांमध्ये जास्त अंतर कापतो आणि वेग कमी दिसतो. डोळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजून पाहिलं. तिथे तीन मिलिमीटरची चूक असली तर वेगात एक टक्का आणि ऊर्जेत दोन टक्के फरक पडतो, कारण वेगाचा वर्ग होतो. अंतर बरोबर निघालं.

छऱ्याच्या वजनाची शहानिशा सोपी होती. या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली. मिलिग्रॅम दाखवणारा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. डबीवर 0.45 लिहिलेले छर्रे ओळखीच्या सोनारांकडे नेले. त्यांनी काट्याची काच लावून एकेक तोलला. काही हजारांशांचा फरक वगळता डबी खरं बोलत होती. वजनाची चूक ऊर्जेत जशीच्या तशी उतरते, वेगाची मात्र दुप्पट होऊन. म्हणून काट्यापेक्षा क्रोनोग्राफची तपासणी जास्त काटेकोर करायची.

मग पिवळ्या दिव्यात, छर्रे अडवणाऱ्या जाड लोखंडी पाट्याच्या सापळ्यासमोर, डोळ्यांवर चष्मे लावून पहिली फैर झाडली. 311. यंत्र निर्दोष होतं. पण त्या फैरीचा आवाज स्प्रिंगच्या रायफलीचा नव्हता. ठप्प असा दबका आवाज यायला हवा, इथे फटाक्यासारखा कडाका झाला. नळी मोडली तर तोंडातून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास आला. सरांनाही तो लगेच कळला. ते म्हणाले, “हा तर ट्रॅक्टरचा वास आहे.”

तेल जळत होतं

ट्रॅक्टर म्हणाले ते अगदी बरोबर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी जोरात दाबतात की ती तापून इंधन आपोआप पेटतं. स्प्रिंगच्या रायफलीतही पिस्टनपुढची हवा क्षणभर कित्येक शे अंशांपर्यंत तापते. तिथे पातळ तेलाचा थेंब असेल तर तो पेटतो, आणि छऱ्यामागे स्प्रिंगच्या जोडीला स्फोटाचा धक्का बसतो. नेमबाज याला डिझेलिंग म्हणतात. वंगणाचा सूक्ष्म अंश थोडाफार सगळ्याच स्प्रिंग रायफलींत जळतो. ब्रिटनमधले एअर रायफलींचे अभ्यासक कार्ड्यू यांनी हवेऐवजी नायट्रोजनमध्ये रायफल झाडून वेग लक्षणीय उतरतो, हे दाखवून दिलं होतं. तेवढं चालतं. आवाज बदलण्याइतकं, धूर दिसण्याइतकं जळणं मात्र दुखणं आहे.

चौकशी केल्यावर माजी विद्यार्थी म्हणाला, दुकानदाराने गंज लागू नये म्हणून आत तेल फवारून दिलं होतं. नळीच्या मागच्या टोकाशी हवा येण्याचं जे बारीक छिद्र असतं, त्यातूनच. तिथे तेल टाकणं म्हणजे सिलिंडरमध्येच टाकणं. काही पोरं हे मुद्दाम करतात, कारण त्याने आकडा वाढतो आणि आवाज मोठा होतो. त्यांना मनापासून सांगतो, असं करू नका. त्या धक्क्याने पिस्टन उलटा फेकला जातो, स्प्रिंग पिचते, पिस्टनचं सील करपतं. आणि प्रत्येक फैरीत वेगळं तेल जळत असल्याने छर्रा कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. वर, अशी रायफल झाडली की परवानामुक्त हत्यार त्या फैरीपुरतं 22.8 ज्यूलचं होतं. तो आकडा कुणी मोजला तर तुमचं म्हणणं कोण ऐकणार?

आम्ही रायफल उघडली. स्प्रिंग बसवलेल्या अवस्थेतही ताणलेली असते, म्हणून ती मोकळी करायला शिकंजा लागतो. हाताने मागची पिन काढली तर ठोकळा छातीवर येतो. हे काम घरी कुणी करू नये. सिलिंडर कोरड्या फडक्याने पुसून काढला, पिस्टनचं सील पाहिलं. कडेला तपकिरी झालं होतं, फाटलं नव्हतं. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस बोटभर, सिलिंडरच्या पुढच्या भागात काही नाही. नळीतून कोरडे फडके स्वच्छ निघेपर्यंत ओढले.

उतरलेला आकडा आणि त्यामागचं दुसरं दुखणं

पुढच्या चाचणीला 0.547 ग्रॅमचा छर्रा घेतला, कारण वर्गात सरावाला तोच वापरायचा होता. स्थिर होईपर्यंत काही फैरी नुसत्याच झाडल्या, मग सलग दहा मोजल्या :

214, 206, 217, 203, 210, 208, 215, 204, 212, 211.

सरासरी 210, ऊर्जा 12.1 ज्यूल. धूर नाही, कडाका नाही. सर खूश झाले. वीसच्या खूप खाली आली, कायद्याचा प्रश्न मिटला. माजी विद्यार्थी हिरमुसला आणि विचारू लागला की हजार फूट कुठे गेले.

मला दोघांचंही पटत नव्हतं. फरक अजून 14 होता. 31 वरून 14 वर आला हे खरं, पण तेल गेल्यावर तो पाचच्या आसपास यायला हवा. शिवाय या बांध्याच्या, या लांबीच्या सिलिंडरच्या रायफलीकडून मी 15 ज्यूलच्या जवळपासची अपेक्षा धरून होतो. ताकद कमी आणि तीही अनियमित, म्हणजे हवा कुठेतरी निसटते. इथेच बरेच लोक थांबतात. आकडा मर्यादेच्या आत आला, काम झालं. पण गळकी रायफल आज 12 ज्यूल दाखवते, उद्या कुणी सील बदललं की वेगळाच आकडा दाखवेल, आणि शाळेच्या वहीत लिहिलेली नोंद त्या दिवसापासून खोटी ठरेल. रायफल धडधाकट करून मगच मोजायची, तरच मोजण्याला अर्थ.

हवा निसटण्याची जागा शोधायला महागडं काही लागत नाही. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी आडवी ठेवली आणि फैर झाडली. पट्टी उडून पडली. सांधा धरत असेल तर ती हलत नाही. नळीच्या मागच्या तोंडाभोवती जी रबरी ओ-रिंग असते ती भिंगाखाली पाहिली. एका बाजूला चीर होती आणि रबर कडक झालं होतं. तेलाच्या स्फोटाने हे झालं की रिंग मुळातच तशी होती, ते सांगता येणार नाही. मात्र तेल जळत असताना ही गळती लपली होती, हे नक्की. स्फोटाचा धक्का इतका जादा होता की चिरेतून किती गेलं ते आकड्यात दिसलंच नाही. दोन बिघाड एकमेकांना झाकत होते. एकाने वेग वाढवला, दुसऱ्याने उतरवला, आणि बेरीज खोक्यावरच्या दाव्याशी जुळली. म्हणूनच माजी विद्यार्थ्याला 305 बघून शंका आली नाही, उलट समाधान वाटलं.

नवी रिंग बसवली. ती खाचेतून केसभर वर यावी लागते, म्हणून खाली पातळ वायसर घातला. पुन्हा दहा :

232, 234, 231, 233, 235, 232, 234, 233, 231, 235.

सरासरी 233. फरक 4. ऊर्जा 14.8 ज्यूल. टिश्यूची पट्टी जागची हलली नाही.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचं माप, काढलं तर आधीच्या दहाचं 4.7 होतं, नंतरच्या दहाचं 1.5. निशाण्याच्या कागदावरही फरक दिसला, छिद्रांचा झुबका आवळला. पण त्याचं श्रेय सगळं वेगाला देऊ नये. 10 मीटरवर छर्रा गुरुत्वाने सुमारे 11 मिलिमीटर खाली येतो. वेग 203 असो की 217, त्या उतारात दीड मिलिमीटरचाच फरक पडतो. बाकीचं कारण स्प्रिंगच्या धक्क्यात आहे. छर्रा नळीत असतानाच रायफल हलायला लागते, आणि प्रत्येक फैर वेगळ्या जोराची असेल तर ती प्रत्येक वेळी वेगळी हलते.

वेगवेगळी वजनं

एका छऱ्यावरची ऊर्जा म्हणजे रायफलीची ऊर्जा नव्हे. कायद्याची मर्यादा तपासायची तर तिची जास्तीत जास्त ऊर्जा शोधावी लागते. म्हणून तीन वजनांवर मोजलं. 0.45 ग्रॅमवर सरासरी 259 मीटर, म्हणजे 15.1 ज्यूल. 0.547 वर 14.8. 0.67 ग्रॅमच्या जड छऱ्यावर 203 मीटर, 13.8 ज्यूल. वजन वाढलं तशी ऊर्जा उतरली. स्प्रिंगच्या रायफलीत बहुधा असंच होतं, जड छर्रा नळीत हलायला वेळ लावतो आणि दाबाचा कळस वाया जातो. आधीच भरून ठेवलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत उलट असतं. तिथे जड छऱ्यावर ऊर्जा सहसा वाढते. हलक्या छऱ्यावर मोजून ‘मर्यादेत आहे’ म्हणणारा पीसीपीचा मालक जड छर्रा घालून नकळत मर्यादा ओलांडू शकतो.

पहिल्या कागदावरच्या 0.45 ग्रॅमच्या छऱ्याचा 305 आणि आताचा 259. मधले 46 मीटर तेलाचे होते, तेही फुटक्या रिंगेतून हवा निसटत असताना.

डब्याचा झोका

तरी सरांच्या मनात एक गोष्ट राहिली होती. “सगळं एकाच यंत्रावर बेतलंय. ते यंत्रच दहा टक्के चुकत असेल तर?” शिक्षकाने विचारावा असाच प्रश्न. दुसरा क्रोनोग्राफ आणून जुळवता आला असता, पण तो त्याच तत्त्वावर चालतो. वेगळ्या तत्त्वाची मोजणी हवी होती. ती 1742 पासून उपलब्ध आहे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी गोळीचा वेग मोजायला टांगलेला ठोकळा वापरला. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा झोका घेतो, झोक्यावरून वेग काढता येतो.

पत्र्याच्या डब्यात सुताराची लांबी, म्हणजे पुट्टी, ठासून भरली आणि एकूण वजन बरोबर 500 ग्रॅम केलं. डबा चार दोऱ्यांनी टांगला, म्हणजे तो गरगर न फिरता सरळ मागे जातो. दोऱ्यांची उभी लांबी एक मीटर. डब्यामागे मोजपट्टीवर कागदाचा हलका घोडा ठेवला. डबा त्याला मागे ढकलतो आणि स्वतः परत येतो, घोडा तिथेच थांबतो. नळीच्या तोंडापासून डबा तीन मीटरवर. पुट्टी महत्त्वाची आहे. लाकूड किंवा कडक मेण घेतलं तर छर्रा उसळून परत येऊ शकतो आणि झोका फसवा मोठा येतो. मोजणाऱ्याच्या डोळ्याला धोका, तो वेगळाच.

एक मीटरच्या दोरीला हिशेब सोपा पडतो. झोक्याची आडवी लांबी मीटरमध्ये घ्यायची आणि 3.13 ने गुणायची, की डब्याचा सुरुवातीचा वेग मिळतो. डबा आणि छर्रा मिळून छऱ्याच्या किती पट, त्याने पुन्हा गुणायचं. 0.547 ग्रॅमच्या छऱ्याला ते 915 पट येतं. घोडा 8 सेंटिमीटरवर थांबत होता. 0.08 गुणिले 3.13 गुणिले 915. उत्तर 229 मीटर प्रति सेकंद.

क्रोनोग्राफ 233 म्हणत होता, पण तो नळीपासून एक मीटरवर होता. असा छर्रा हवेत मीटरमागे साधारण दीड मीटर प्रति सेकंद वेग गमावतो. दोन मीटर पुढे 230 च व्हायला हवेत. इतकं जुळणं काही अंशी योगायोग आहे, हे सांगायला हवं. पट्टीवर दोन मिलिमीटर इकडेतिकडे वाचलं तर वेगात अडीच टक्के आणि ऊर्जेत पाच टक्के चूक होते. डब्यात छर्रे साठत जातात तसं वजनही वाढतं, दहा छऱ्यांनी एक टक्का. म्हणून हा डबा 229 आणि 233 यांच्यातला निवाडा करू शकत नाही. पण 15 ज्यूल की 20, हा निवाडा तो बिनचूक करतो, आणि आम्हाला तेवढाच हवा होता. 0.547 ग्रॅमच्या छऱ्याला 20 ज्यूलसाठी 270 मीटरचा वेग लागतो आणि त्या वेगाला झोका साडेनऊ सेंटिमीटरच्या जरा अलीकडे पोचतो. सरांनी मोजपट्टीवर तिथे लाल पेन्सिलीने रेघ मारली. घोडा त्या रेघेपासून कायम दीडेक सेंटिमीटर अलीकडे थांबला.

या डब्याने वर्गातल्या मुलांना दिलेला धडा मला फार आवडला. मुलांनी विचारलं, पंधरा ज्यूल लागले तर डबा एवढासाच का हलतो? हिशेब केला. डब्याच्या झोक्यातली ऊर्जा निघाली 0.016 ज्यूल, म्हणजे छऱ्याच्या ऊर्जेचा नऊशेवा भाग. बाकी सगळी पुट्टी चेपण्यात आणि उष्णतेत गेली. संवेग तेवढाच राहतो, ऊर्जा झोक्यात उरत नाही. आठवीच्या मुलीने तो फरक फळ्यावर मांडून दाखवला. नुसत्या फळ्यावरून शिकवताना तो इतका लवकर कधी पोचला नव्हता, असं सर म्हणाले.

निर्णय

रायफल परवानामुक्त मर्यादेच्या आत आहे. जास्तीत जास्त 15.1 ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या तीन चतुर्थांश. यंत्राच्या आणि छऱ्याच्या सगळ्या चुका एकाच बाजूला धरल्या तरी वीस गाठत नाही. आमची नोंद म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, हेही सरांनी वहीत लिहून ठेवलं. वाद उद्भवला तर अधिकृत न्यायवैद्यक तपासणीचाच आकडा चालेल. पण कुणी विचारलं तर दाखवायला तारीख, छऱ्याचं वजन, दहाच्या दहा वेग आणि मोजण्याची पद्धत लिहिलेलं पान शाळेकडे आहे. पूर्वी, 1962 च्या नियमांच्या काळात, पाच फुटांवरून इंचभर जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीची कसोटी असे. छर्रा आरपार जातो की नाही, एवढंच. फळी ओली की सुकी, रेषा उभ्या की आडव्या, यावर निकाल फिरे. ज्यूलची मर्यादा त्याहून पुष्कळ न्याय्य आहे, फक्त ती मोजता आली पाहिजे.

मर्यादेत आहे म्हणजे वर्गाला योग्य आहे, असं मात्र नाही. मी सरांना स्पष्ट सांगितलं, लहान मुलांना ही देऊ नका. 10 मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या रायफलींचा छर्रा सुमारे 170 मीटर प्रति सेकंदाने जातो आणि ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच प्रकारात. नेमबाजीला पंधरा ज्यूल लागत नाहीत. जर्मनीत परवानामुक्त एअर रायफलीची मर्यादाच साडेसात ज्यूलची आहे, आणि नेमबाजीत जर्मनी मागे नाही. या रायफलीची स्प्रिंग ताणायला जोर लागतो, धक्का दोन दिशांना बसतो. सातवी-आठवीच्या मुलाचा हात त्यावर बिघडेल. मोठ्या मुलांना पक्क्या बैठकीवर टेकवून झाडायला ठीक.

सापळा तर ताबडतोब बदलावा लागला. वर्गात पातळ पत्र्याचा होता, स्पर्धेच्या रायफलीपुरता. या छऱ्याने त्याला पहिल्याच दिवशी पोचा पाडला असता, पुढे भोकही. पंचेचाळीस अंशांत तिरपा जाड लोखंडी पाटा, खाली रेतीचा कप्पा आणि मागे भिंत मोकळी, असा नवा केला. छऱ्यांचं शिसं हाताला लागतं, म्हणून सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हा नियम दारावर लावला. पक्ष्यांवर आणि कुठल्याही प्राण्यावर ही रायफल रोखायची नाही, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 त्यांना कलमांसकट पाठ आहे.

माजी विद्यार्थ्याला हजार फूट गेल्याचं वाईट वाटलं होतं. त्याला नव्या सापळ्यासमोर बसवून आधीचा कागद आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून दाखवले. त्याने 305 वर बोट ठेवलं नाही. 31 आणि 4 वर ठेवलं, आणि पुढच्या चाचणीला स्वतःचा क्रोनोग्राफ घेऊन येतो म्हणाला. ती चाचणी काही महिन्यांनी झाली, 0.547 ग्रॅमवर : सरासरी 231, फरक 5, ऊर्जा 14.6 ज्यूल. ओ-रिंग शाबूत, तेलाचा वास नाही. पुढची दिवाळीनंतर.